पक्का हात

मी जन्माची भित्री. रिसोडच्या बाजारात जिच्या दुकानात बायका बांगड्या भरायला येतात तिचीच पोरगी काचेला घाबरते, हा आमच्या गल्लीतला जुना विनोद. लहानपणी ईदच्या आधी अम्मी मला समोर बसवायची आणि बांगडी बोटांना टेकायच्या आत मी भोकाड पसरायची. "अजून लागलं नाई, तं रडून काहून राह्यली वं?" ती विचारायची. मग शेजारणींकडे वळून सांगायची, "हिच्या हाताले डोये हायेत. काच दुरूनच दिसते तिले." बायका हसायच्या आणि मी आणखी जोरात रडायची.

आम्ही मन्यार, म्हणजे पिढीजात बांगड्यावाले. घरात आमची मोडकीतोडकी हिंदी चालते, पण अम्मीचा सगळा जन्म गिऱ्हाइकांशी वऱ्हाडी बोलण्यात गेला आणि मी पडले मराठी शाळेतली, त्यामुळे माझ्याशी ती भांडते वऱ्हाडीतच. अब्बा गेल्यापासून घरात आम्ही दोघीच. ती दुकानात बसते. मी आमच्या वाशिम जिल्ह्यातल्या मालेगावच्या एका शाळेत विज्ञान शिकवते, सकाळच्या एसटीनं जाते आणि संध्याकाळी परत येते.

बांगडी भरणं म्हणजे दुसऱ्याचं दुखणं ओळखण्याचं काम आहे, हे मला उशिरा कळलं. अम्मी बाईचा हात मांडीवरच्या पंच्यावर घ्यायची, अंगठा तळहातात दाबून पंजा बारीक करायची आणि बांगडी बोटांवरून सरकवत मुठीच्या हाडांपर्यंत आणायची. खरी अडचण तिथं. काच हाडावर अडते, कातडी ओढली जाते, बाई श्वास रोखून धरते. नेमक्या त्या वेळी अम्मी विचारायची, "माहेरी कोन कोन हाये आता?" बाईचं मन माहेरी पोचेपर्यंत बांगडी मनगटात गेलेली असायची. मग दुखावलेली जागा अम्मी आपल्या अंगठ्यानं चोळून द्यायची. पुढे शिक्षिका झाल्यावर मी वाचलं, की चोळल्याचा निरोप पाठीच्या कण्यातल्या मज्जारज्जूत दुखण्याच्या निरोपाची वाट अडवतो, आणि मन दुसरीकडे गुंतलं असेल तर मेंदूसुद्धा दुखण्याकडे निम्मंच लक्ष देतो. मी हे मोठ्या कौतुकानं अम्मीला सांगितलं. "मंग? कोनाच्या माहेरचं फुकट इचारतो का मी?" ती म्हणाली.

आमच्या धंद्यात बांगडी फुटत नाही, वाढते. 'फुटली' हा अशुभ शब्द दुकानात काढायचा नाही. भरताना वाढली तर नुकसान आमचं. आणि वाढली की आधी काचेकडे बघायचं नाही, आपल्या बोटाकडे तर नाहीच नाही, आधी गिऱ्हाइकाच्या तोंडाकडे बघायचं आणि विचारायचं, "लागलं का?" आपल्या हातातून रक्त येत असलं तरी आधी हे. अम्मीला हा नियम तिच्या सासूनं शिकवला होता, आणि तिनं तो मोडलेला मी कधी पाहिला नव्हता.

दुसऱ्यांचं दुखणं असं जपणाऱ्या आमच्या बायका स्वतःच्या दुखण्याला मात्र काडीची किंमत देत नसत. नवी सून दुकानात बसली की तिच्या बोटांत दिवसभर काचा घुसायच्या. ती कुरकुरली की म्हाताऱ्या समजूत घालायच्या, "होईन पक्का. हात पक्का झाला का मंग काच टोचतच नाई." पक्का हात म्हणजे मुरलेला, काचेला न जुमानणारा हात. आमच्या नात्यागोत्यात हा मोठा मान. त्यामुळे अम्मीनं एका सकाळी आपली उजवी करंगळी माझ्यासमोर धरली, तिच्यातून काचेची चांगली लांब कपची उपटून काढली आणि "पाह्य, समजलंबी नाई," असं हसत सांगितलं, तेव्हा घरात आनंदच झाला. माझी खाला, म्हणजे मावशी, आली होती, ती "माशाल्ला" म्हणाली. आता हिचा हात पक्का झाला, ही बातमी खाला नातेवाइकांत पसरवत गेली.

करंगळी झाली, मग तिच्या शेजारचं बोट. मग तळहाताची बाहेरची कड. कोपराच्या मागे एक फिकट चट्टा होता, तो खाजत नव्हता आणि दुखतही नव्हता, म्हणून त्याच्याकडे कुणी लक्ष दिलं नाही. करंगळी जराशी वाकडी राहायला लागली. अम्मी म्हणाली, एवढे पंजे दाबले, बोट वाकडं नाही होणार तर काय.

मग तो रविवार आला. अम्मीला उभ्यानं स्वयंपाक जमत नाही. ती शेगडी खाली मांडून भाकरी करत होती आणि मी ताटं घेत होते. विषय नेहमीचा होता, मी उन्हात छत्री नेत नाही हा. बोलता बोलता तिनं तवा उतरवून बाजूला ठेवला आणि उजवा हात जमिनीवर टेकून माझ्याकडे वळली. हात जमिनीवर टेकला नव्हता. तो तव्याच्या कडेवर टेकला होता.

मला वाटलं, आता ओरडेल. ती छत्रीबद्दलच बोलत राहिली. आधी एक बारीक चरचर ऐकू आली, मग वास आला. केस जळल्यासारखा, पण जड. अम्मीनं बोलणं थांबवून नाक वर केलं आणि हुंगलं.

"काय जयून राह्यलं वं?" तिनं मला विचारलं. "पाह्य बरं, भाकर तं नाई?"

मी तिचा हात ओढला. तळहाताच्या कडेची कातडी तव्याला चिकटून राहिली. अम्मीनं हात डोळ्यांसमोर धरून बघितला, एखाद्या गिऱ्हाइकाचा बघावा तसा. मग मला घाबरलेलं पाहून ती हसली.

"पाह्यलं? केवढा पक्का झाला!"

लग्नात, मयतीत, कुठंही मी इतकी घाबरलेली नाही. जखम भयंकर होती म्हणून नव्हे. तो हात मागे आला नव्हता म्हणून.

दुसऱ्या दिवशी वर्गात नेमका तोच धडा होता. पुस्तकात गरम भांड्याला हात लागलेल्या मुलाचं चित्र आहे. मी दरवर्षी विचारते, "हात मागे कोण घेतं?" वर्ग ओरडतो, "मेंदू!" मग मी ऐटीत सांगते, की नाही, मेंदूला पत्ता लागायच्या आत हात मागे आलेला असतो. बोटातला निरोप मज्जारज्जूपर्यंत जातो, तिथूनच हुकूम सुटतो, 'हट'. मेंदूला नंतर कळतं आणि मग आपण 'आई गं' म्हणतो. इतकी वर्षं मी हे वाक्य पाढ्यासारखं म्हटलं होतं. त्या दिवशी ते तोंडातून निघेना. फळ्यावर हात काढला, तवा काढला, आणि दोघांमध्ये रेघ ओढायची ती ओढलीच नाही. मुलांना स्वाध्याय सोडवायला लावून मी व्हरांड्यात आले.

व्हरांड्यात आरोग्य खात्याचा एक कागद कित्येक दिवस चिकटवलेला होता. त्याच्याखाली उभं राहून मी डबा खाल्लेला आहे. त्यावर एका पाठीचं चित्र होतं आणि पाठीवर फिकट चट्टा. न खाजणारा, न दुखणारा, बधीर चट्टा. खाली रोगाचं नाव. मी ते नाव वाचलं, इकडे तिकडे बघितलं, आणि आपण ते वाचताना कुणी पाहिलं नाही ना, याचीच मला आधी भीती वाटली. भित्यापाठी ब्रह्मराक्षस म्हणतात. माझा ब्रह्मराक्षस त्या भिंतीवर ठळक अक्षरांत छापलेला होता.

अम्मीला सरळ विचारायची माझी छाती नव्हती. तिला दुपारी सुरमा घालायची सवय आहे. सुरमा झोंबतो म्हणून ती मग बराच वेळ डोळे मिटून बसते. ती तशी बसली असताना मी तिच्यासमोर बसले आणि कापसाची वात तिच्या डाव्या करंगळीवर फिरवली.

"गुदगुल्या काहून करून राह्यली?" ती डोळे न उघडता म्हणाली.

मी वात उजव्या करंगळीवर फिरवली. अम्मी काही बोलली नाही. तळहाताच्या कडेवर फिरवली, जखम टाळून. काही नाही. तिचं बोलणं सुरू झालं होतं, हिरव्या काचेचा माल या वेळी जाड आलाय वगैरे. माझ्या पदरात वाढलेल्या बांगडीचा तुकडा होता. मला स्वतःच्या बोटाला काच लावायची हिंमत कधी झाली नाही, पण त्या दिवशी मी तो तुकडा तिच्या करंगळीच्या टोकावर टेकवला आणि दाबला. कातडीत खळगा पडला. मी आणखी दाबलं. माझ्याच करंगळीत कळ उठली, खरंच उठली. अम्मी म्हणाली, "जाड काच हाडावर अडते. बायांचे हात सोलून निंघतीन."

मी तुकडा बाजूला ठेवला आणि तिला सगळं सांगितलं.

तिनं डोळे उघडले. सुरम्यानं पाणी आलं होतं की कशानं, मला माहीत नाही. रोगाचं नाव मी घेतलं होतं, तिनं ते तोंडातून काढलं नाही. उजवा हात तिनं ओढणीच्या आत नेला.

"कोनाले सांगू नोको," ती म्हणाली. मग थोड्या वेळानं, "आता हात कोन देईन मले?"

यापुढे तिनं जे विचारलं, ते माझ्या डोक्यात आलंही नव्हतं. "अन् ज्याहीचे धरले, त्याहीचं काय?" तिनं विचारलं. आणि ती आठवायला लागली. भाजीवाली, शिपायाची बायको, आमच्या मागच्या वस्तीतल्या सगळ्या लेकी-सुना, बाळंतिणी, बाळांच्या मनगटात घातलेल्या काळ्या बांगड्या. तिच्या डोळ्यांपुढे हातच हात आले असावेत. मी जन्मभर भित्री. पण अम्मीला घाबरलेलं मी त्या दिवशी पहिल्यांदा बघितलं. ते माझ्यानं बघवेना.

रिसोडच्या दवाखान्यात जायला ती तयार नव्हती. तिथल्या आशाताई तिच्याकडेच बांगड्या भरतात. म्हणून आम्ही वाशिमला गेलो. बसमध्ये तिनं उजव्या हाताला रुमाल गुंडाळला होता आणि कंडक्टरला पैसे डाव्या हातानं दिले.

डॉक्टर तरुण बाई होत्या. त्यांनी रुमाल सोडवला आणि अम्मीचा हात आपल्या हातात घेतला, हातमोजा न घालता. अम्मीनं हात मागे घेतला. डॉक्टरांनी परत धरला. त्यांनी कोपराच्या आत, हाडामागच्या खोबणीत बोट फिरवलं आणि माझं बोटही तिथं टेकवलं. कातडीखाली सुतळीएवढी जाड नस लागली. माझ्या कोपरात तीच नस शोधायला गेले तर ती नीट सापडेचना, इतकी बारीक.

"रोग बोटात नाही," डॉक्टर म्हणाल्या. "बोटाचा निरोप घेऊन जाणारी ही नस सुजलीय. बोट आपलं सांगतंय, पण निरोप वाटेतच मरतोय."

मी शिक्षिका आहे कळल्यावर त्या माझ्याशी जरा जास्त बोलल्या. दुखण्याचा निरोप नेणारे धागे दोन जातींचे असतात, म्हणाल्या. एक जलद, टोचल्याबरोबर जी तीक्ष्ण कळ येते ती त्याची. दुसरा सावकाश, कळ येऊन गेल्यावर मागून जी आग येते, ठणका येतो, ती त्याची. ठेच लागल्यावर आपण 'आता दुखेल' म्हणून वाट बघतो ना, ती या दुसऱ्याची वाट. अम्मीच्या त्या बोटांत दोन्ही बंद पडले होते.

अम्मीचा प्रश्न एकच होता. तिनं तो मान खाली घालून विचारला. डॉक्टर म्हणाल्या, हात धरल्यानं हा रोग असा लागत नाही. बरीच वर्षं एका घरात राहणाऱ्यांनी तपासून घ्यायचं असतं. आणि औषध सुरू झालं की तो पसरायचा लवकरच थांबतो. गोळ्या फुकट आहेत, वर्षभर घ्यायच्या, पहिली इथं माझ्यासमोर. दुकान चालवा. फक्त हात जे सांगत नाही ते आता डोळ्यांनी बघायचं.

"मंग हिले तपासा," अम्मी म्हणाली. माझ्याकडे बोट करून.

पडद्यामागे माझं सगळं अंग तपासलं गेलं. मला काही निघालं नाही. खबरदारी म्हणून मलाही एक डोस दिला. पण निघताना डॉक्टरांनी बजावलं, हा रोग अंगात वर्षानुवर्षं झोपून राहू शकतो. दर वर्षी दाखवायला या. मी मान हलवली. अम्मीनं ते वाक्य गाठीला बांधलं.

त्या दिवसापासून आमच्या घरात एक नवी रीत सुरू झाली. सकाळी मी चहा घेत असताना ती समोर बसायची, माझी करंगळी धरायची आणि बांगडीच्या तुकड्यानं टोचायची. "लागलं?" लागलं. "अन् आता?" लागलं, अम्मी. "खरं सांग." खरं सांगते. मी दचकून हात मागे घेतला की तिचा चेहरा सैल व्हायचा. एखाद्या दिवशी माझं लक्ष वर्तमानपत्रात असायचं आणि उत्तर द्यायला उशीर व्हायचा. मग तिच्या तोंडाकडे बघवत नसे. दुसऱ्यांदा ती इतक्या जोरात टोचायची की रक्त यायचं.

दुकानात ती बसायची, पण बांगड्या भरेना. डॉक्टरांनी सांगितलेलं तिला पटलं नव्हतं असं नाही. पण पटणं आणि धीर होणं यात फरक आहे. हात आखडलाय, असं ती सांगायची. बायका कुरकुर करत डझन घेऊन घरी जायच्या. गोळ्यांनी तिचा चेहरा तांबूस काळा पडायला लागला. "चाची, काये काहून पडून राह्यले तुमी?" एकीनं विचारलं. "ऊन, माय," अम्मी म्हणाली, आणि घरी येऊन मला म्हणाली, "छत्री घेत जाय." महिन्याच्या मोठ्या गोळीनं लघवी लाल व्हायची. आधी सांगितलेलं असूनही पहिल्या वेळी ती भिंतीला धरून उभी राहिली.

आणि मग, ज्या हातात काहीच कळत नव्हतं, त्या हातात दुखणं आलं.

गोळ्या सुरू होऊन बरेच महिने झाले होते. संध्याकाळी मी शाळेतून आले तर अम्मी कोपर दुसऱ्या हातात धरून दारात बसलेली. नस टरारून फुगली होती. नुसता ओढणीचा स्पर्श झाला तरी ती किंचाळायची. तव्यावर भाजली तेव्हा जी हसली होती ती बाई आता कण्हत होती, "करंगळीत आग हाये वं. करंगळीत इस्तू ठेवला कोनं." मी करंगळी टोचून बघितली. टोचलेलं तिला कळत नव्हतं. आणि त्याच करंगळीत आग होती. माझं सगळं विज्ञान तिथं संपलं.

"हे त्या गोयाहीनं झालं," ती म्हणाली. "बंद कर. मले नाई पाह्यजे." तिनं गोळ्यांचं पाकीट माझ्या अंगावर फेकलं. पाकीट उचलून मी जीप ठरवली. शेजारच्या बाईनं विचारलं, काय झालं, तर मी 'हात मोडला' असं सांगितलं. वाशिमपर्यंत रस्त्यातल्या प्रत्येक खड्ड्याला ती अल्लाला हाक मारत होती, आणि मी मनात म्हणत होते की मला बधीर अम्मी चालेल, भाजलेली चालेल, पण ही नको.

डॉक्टर म्हणाल्या, अशी उसळी येते. मेलेल्या जंतूंवर शरीरच चवताळतं आणि नस आणखी सुजते. आता जे दुखतंय ते बोट नाही, खुद्द नस दुखतेय. ती ओरडते आणि मेंदूला वाटतं बोट ओरडलं, कारण त्या वाटेनं त्याला आजवर बोटाच्याच हाका आल्या. लगेच आणलंत ते बरं केलंत, उशीर झाला असता तर हात लुळा पडला असता. सुजेच्या वेगळ्या गोळ्या दिल्या, हाताला फळी बांधली, आणि जुन्या गोळ्या एक दिवसही चुकवायच्या नाहीत असं अम्मीकडून कबूल करून घेतलं.

दुखणं हळूहळू ओसरलं. आग गेली. पकड थोडी परत आली, सगळी नाही. करंगळी वाकडीच राहिली आणि तिच्यातला निरोप काही परत आला नाही.

लग्नसराई आली तेव्हा अम्मीची फळी निघालेली होती. आमच्या मागच्या वस्तीत एक बौद्ध कुटुंब आहे. त्या घरच्या बाईच्या स्वतःच्या लग्नाच्या बांगड्या अम्मीनं भरल्या होत्या, आता तिच्या लेकीचं लग्न ठरलं होतं. ती दुकानात येऊन म्हणाली, "चाची, हात आखडला, हात आखडला नोका सांगू. पोरीच्या बांगड्या तुमीच भरान."

अम्मीनं माझ्याकडे बघितलं. मी डोळ्यांनी नको म्हणत होते. अम्मीनं शटरखालचं स्टूल पुढे ओढून त्या बाईला बसवलं आणि सरळ सांगून टाकलं. रोगाचं नाव घेऊन. तेव्हा मी ते नाव तिच्या तोंडून पहिल्यांदा ऐकलं. "आता औषध चालू हाये, कोनाले लागत नाई मनते डाक्टर," ती म्हणाली. "पन तुले न सांगता तुह्या पोरीचा हात मी धरनार नाई."

ती बाई उठली, पिशवी घेतली, गेली.

नंतरचे दिवस मी कसे काढले ते मलाच माहीत. बसस्टँडवर दोघी बोलताना दिसल्या की मला वाटायचं आमचंच चाललंय. दुकानात कुणी आलं नाही की छातीत धस्स व्हायचं, आणि कुणी आलं तरी व्हायचं. मी अम्मीवर चिडले, बोलायची काय गरज होती म्हणून. "हात धरतो ना मी त्याहीचे," एवढंच ती म्हणाली, जणू मी काही अडाणी प्रश्न विचारला होता.

लग्नाला थोडेच दिवस राहिले असताना ती बाई आली. सोबत नवरी होती. आत येऊन बसली, गळ्यावरचा घाम पुसला, आणि अम्मीकडे न बघता माझ्याकडे बघून म्हणाली, "मॅडम, तुमी भरता का? बांगड्या इथल्याच पाह्यजे. चाची जवय बसून सांगतीन."

ती आमच्या दुकानात परत आली होती. पण लेकीचा हात ती अम्मीच्या हातात देत नव्हती. हे तिला कळत होतं, मला कळलं, आणि अम्मीला तर सगळ्यांच्या आधी कळलं. अम्मीनं पंचा माझ्या मांडीवर टाकला आणि माझ्या शेजारी, जरा मागे, बसली.

मी आणि बांगड्या! नवरीचा पंजा नाजूक होता, पण हाडं रुंद. अम्मी मागून हळू आवाजात सांगत होती, अंगठा आत घे, आनखी, आता फिरव, दाबू नोको, फिरव. पहिल्या काही गेल्या. मुठीच्या हाडांशी आले की मी विचारायची, "गाव कोणतं सासरचं?"

"किन्हीराजा," नवरी म्हणायची, लाजायची, आणि बांगडी जायची. तोच प्रश्न मी परत परत विचारत होते. दुसरा सुचतच नव्हता. नवरी हसायला लागली. तिची आईसुद्धा हसली. मीही हसले, आणि हाताला जरा जास्त जोर लागला.

कट्कन आवाज झाला.

बांगडी वाढली. तुकडे पंच्यावर पडले. आणि मला माझ्या उजव्या करंगळीच्या कडेला लाल रेघ दिसली. रेघ रुंद झाली, थेंब झाला, थेंब ओघळला. मी बघत होते. दुखत नव्हतं.

दुखत नव्हतं. तीच करंगळी, तीच कड. रक्त पंच्यावर पडलं तरी मला काही जाणवलं नाही. माझ्या डोळ्यांपुढे तवा आला, तो वास आला, फळ्यावरची न ओढलेली रेघ आली. नवरीच्या तोंडाकडे बघायचं असतं, हे मी साफ विसरले. मी करंगळीकडे बघत होते आणि वाट बघत होते.

शेजारी अम्मी होती. बांगडी वाढल्यावर आधी कुणाकडे बघायचं, हे जिला सासूनं शिकवलं, जिनं ते रक्ताळलेल्या हातांनीही पाळलं, ती अम्मी. समोर नवरी होती, तिची आई होती, आणि त्या आईनं इतक्या दिवसांनी आमच्या दुकानाची पायरी चढली होती. अम्मीनं त्या दोघींकडे पाहिलंही नाही. ती माझ्याकडे बघत होती. ओठ पांढरे पडले होते.

"लागलं का?" तिनं विचारलं.

मी करंगळीवरून नजर हलवली नाही.

"लागलं का वं?" तिनं माझं मनगट धरलं.

आणि मग ती कळ आली. आधी नुसती एक बारीक तिडीक, करंगळीच्या टोकापासून कोपरापर्यंत चढलेली. मग तिच्या मागून, सावकाश, आग. डोळ्यांत पाणी आणणारी, ठणकणारी, चांगली जाड आग.

"लागलं," मी म्हणाले.

"लय?"

"लय." आणि मी लहानपणी रडायची तशी, दुकानात, गिऱ्हाइकासमोर, मोठ्यानं रडायला लागले.

नवरीची आई घाबरून उठली आणि पाणी शोधायला लागली. अम्मीनं माझं रक्ताळलेलं बोट आपल्या वाकड्या हातात घट्ट धरलं आणि ती पुन्हा पुन्हा म्हणत राहिली, "बरं झालं. बरं झालं, माय. बरं झालं."